पाळलेली पाल आणि घरातले तान्हे बाळ

या सदराला येणाऱ्या पत्रांत बहुधा गुडघेदुखी, आम्लपित्त, मुलांचे जंत आणि रक्तदाबाच्या गोळ्या हेच विषय असतात. गेल्या महिन्यात मात्र एक निराळे पत्र आले. लिहिणाऱ्या भगिनी सदुसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आहे. धाकटी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिचे दुसरे बाळंतपण जवळ आले असून बाई व त्यांचे यजमान सहा महिन्यांसाठी तिकडे निघाले आहेत. अळीव, डिंक, बाळंतशेपा सगळे बांधून झाले आणि फोनवर आठ वर्षांच्या नातवाने बातमी दिली, ‘आजी, मी पाल पाळली आहे!’

बाई लिहितात, ‘डॉक्टरसाहेब, पाल दिसली की आम्ही केरसुणी घेऊन धावतो आणि इथे तिला काचेच्या पेटीत बसवून खाऊ घालतात! मुलगी म्हणते, ती काही करत नाही. पण मनात शंकेची पाल चुकचुकते ती चुकचुकतेच.’ त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. ही पाल विषारी असते का? बाळंतिणीच्या घरात ती चालेल का? आणि नातवाचे मन न मोडता काय करता येईल?

आपल्या भागातील अनेक घरांतील मुले-मुली आज परदेशात आहेत. पुण्या-मुंबईकडेही असे परदेशी प्राणी पाळण्याची हौस वाढली आहे. म्हणून या पत्राचे उत्तर सर्वांसाठी देत आहे.

ही पाल कोणती?

पत्रातील वर्णनावरून हा प्राणी ‘क्रेस्टेड गेको’ दिसतो. गेको म्हणजे पालीच्या कुळातील प्राणी. ही पाल आपल्या भिंतीवरच्या पालीपेक्षा जाडजूड असते. शेपटीसह लांबी साधारण आठ इंच आणि वजन चाळीस-पन्नास ग्रॅम. दोन्ही डोळ्यांच्या वर पापणीच्या केसांसारखे बारीक कंगोरे असतात आणि ते मानेवरून पाठीकडे उतरत जातात. खऱ्या उघडझाप करणाऱ्या पापण्या तिला नसतात. डोळ्यांवर धूळ बसली की ती जिभेने डोळे चाटून साफ करते. मुलांना हेच पाहून फार गंमत वाटते.

तिचे मूळ घर न्यू कॅलेडोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात फ्रान्सच्या ताब्यातील ही बेटे आहेत. तिथल्या दमट जंगलात ती झाडाझुडपांवर राहते. दिवसा पानांत दडून बसते आणि रात्री हिंडते. शास्त्रज्ञांनी तिची पहिली नोंद १८६६ मध्ये केली. पुढे ती दिसेनाशी झाल्याने नामशेष झाली असेच समजले जात होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. त्यानंतर युरोप-अमेरिकेत पिंजऱ्यात तिची पैदास झाली आणि आज तिथल्या दुकानांत ती सहज मिळते.

पाळायला ती तशी सोपी आहे. तिला उभट, जाळीचे झाकण असलेली काचेची पेटी लागते. कारण तिला जमिनीपेक्षा उंचावर चढायला आवडते. आत फांद्या आणि पाने ठेवतात. संध्याकाळी पाण्याचा फवारा मारतात, कारण ती पानांवरचे थेंब चाटून पाणी पिते. पिकलेली फळे, फुलांतील मध आणि किडे हे तिचे मूळचे अन्न. तिकडे तिच्यासाठी तयार भुकटी मिळते, ती पाण्यात कालवून देतात. वर अधूनमधून लहान किडे, त्यांना कॅल्शियमची पूड लावून. कॅल्शियम कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो तशी तिची हाडे मऊ पडतात. तिला २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याहून फार उष्णता तिला सोसत नाही. आपल्याकडच्या ४२-४५ अंशांच्या उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीशिवाय ती जगणार नाही.

दोन गोष्टी घेण्यापूर्वीच लक्षात घ्यायला हव्यात. एक म्हणजे घाबरली की ती शेपटी टाकते आणि आपल्या घरातल्या पालीसारखी ती शेपटी पुन्हा येत नाही. दुसरे म्हणजे नीट सांभाळली तर ती पंधरा ते वीस वर्षे जगते. आठ वर्षांच्या मुलाने पाळलेली पाल तो नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकते.

विष नाही, जंतू आहेत

आता पहिला प्रश्न. ही पाल विषारी नाही. तशी आपल्या घरातली पालही विषारी नाही. माणसाला अपाय होईल असे विष असणारा ‘गिला मॉन्स्टर’ आणि त्याचे भाऊबंद अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मेक्सिकोत आणि त्याला लागून असलेल्या ग्वाटेमालात सापडतात. ते पाळीव पालीपेक्षा अगदी वेगळे प्राणी आहेत.

‘दुधात पाल पडून विषबाधा’ अशा बातम्या आपण वाचतो. अशा वेळी पालीचे विष दुधात उतरलेले नसते. पाल पडलेले अन्न जंतूंमुळे दूषित झालेले असू शकते. कधी उघडे राहिलेले अन्न आधीच नासलेले असते, आणि पाल पाहिल्यावर किळसेने व भीतीने होणाऱ्या उलट्या त्यात मिसळतात. म्हणून पाल पडलेले अन्न टाकूनच द्यावे, परंतु विषावर उतारा शोधत फिरू नये.

पाळीव पाल क्वचित चावते. दात बारीक असल्याने फार तर ओरखडा उठतो. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, ते पाहावे. काहीजण विचारतात, पाल चावल्यावर कुत्र्याची इंजेक्शने घ्यावी लागतात का? नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. तो पालीपासून होत नाही.

तेव्हा मुलगी म्हणते ते निम्मे खरे आहे. पाल काही करत नाही. पण तिच्या आतड्यात जे जंतू असतात ते बरेच काही करू शकतात.

या जंतूंच्या गटाचे नाव साल्मोनेला. आपल्याला परिचित असलेला विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, याच गटातील एका जंतूमुळे होतो. पण तो जंतू फक्त माणसात राहतो. पाल, सरडा, साप, कासव यांच्या आतड्यात याच गटातले दुसरे भाऊबंद असतात. त्यांचा पालीला काही त्रास होत नाही. ती धष्टपुष्ट, टवटवीत दिसते आणि विष्ठेतून जंतू बाहेर टाकत राहते. तेही रोज नाही, अधूनमधून. त्यामुळे एकदा विष्ठा तपासून जंतू सापडले नाहीत तरी निर्धास्त होता येत नाही. पालीला प्रतिजैविके देऊन हे जंतू कायमचे नाहीसे होत नाहीत. उलट औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका असतो.

विष्ठेतले जंतू पालीच्या पायांना, कातडीला, पेटीच्या काचेला, फांद्यांना, पाण्याच्या वाटीला लागतात. मूल पालीला हातावर घेते, तोच हात तोंडात जातो. माणसाच्या पोटात जंतू गेल्यावर सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप आणि पोटात कळा सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा चार ते सात दिवसांत बरा होतो.

ही केवळ पुस्तकातली भीती नाही. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत अनेक राज्यांत मिळून वीसहून अधिक लोकांना एकाच प्रकारच्या साल्मोनेलाची लागण झाली. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने माग काढला तेव्हा तो घरी पाळलेल्या क्रेस्टेड गेकोपर्यंत पोहोचला. आजाऱ्यांत लहान मुले बरीच होती. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्याही आधी, १९७५ मध्ये, अमेरिकन सरकारने चार इंचांपेक्षा लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. ही चिमुकली कासवे मुले सर्रास हातात घेत, तोंडाला लावत आणि आजारी पडत, हेच त्याचे कारण.

धोका कोणाला जास्त?

दुसरा प्रश्न बाळंतिणीच्या घराचा. माझ्या मते पत्रातील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

पाच वर्षांखालील मुले, त्यातही एक वर्षाच्या आतील बाळे, पासष्टीच्या पुढची माणसे, गरोदर स्त्रिया आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे असे रुग्ण यांना हा जंतुसंसर्ग जड जातो. कर्करोगाचे उपचार चालू असलेले, एच.आय.व्ही.ची लागण असलेले, मूत्रपिंड बदललेले रुग्ण शेवटच्या गटात येतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल रोगाचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. या रुग्णांत साल्मोनेला रक्तात शिरून हाडात पू होण्याचा धोका विशेष असतो.

तान्ह्या बाळाच्या पोटात आम्ल कमी तयार होते आणि त्याची प्रतिकारशक्तीही पुरती घडलेली नसते. त्यामुळे जे जंतू मोठ्या भावाला दोन दिवस जुलाब करून सोडतील, तेच बाळाच्या रक्तात शिरू शकतात. क्वचित ते मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचून जीवघेणा आजार होतो.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. ‘बाळ कुठे पालीला हात लावते आहे? ते तर पाळण्यात असते!’ परंतु बाळाला पालीने शिवावे लागतच नाही. भाऊ पालीशी खेळतो आणि त्याच हाताने बाळाचा गाल कुरवाळतो. आई पेटी साफ करते आणि बाळाला घेते. पालीची वाटी आणि बाळाची दुधाची बाटली एकाच मोरीत धुतली जाते. अशा घरांत ज्या बाळांनी पाल कधी पाहिलीही नव्हती, ती आजारी पडलेली आहेत.

म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांचा आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला स्पष्ट आहे. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात पाल, सरडा, साप, कासव पाळू नये. माझे मतही तेच आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरात तर बाळ आहे, बाळंतीण आहे आणि सदुसष्ट वर्षांच्या मधुमेही आजी स्वतः आहेत. बाळ येण्याच्या आधीच पालीची दुसऱ्या घरी सोय करणे हा सर्वांत चांगला मार्ग.

मुलाचे मन मोडायचे नाही

तिसऱ्या प्रश्नावर मी डॉक्टर म्हणून थोडे आणि आजोबांच्या वयाचा माणूस म्हणून थोडे सांगतो.

आठ वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी आठवणीने फवारा मारतो, भुकटी कालवतो, किडे मोजून देतो, ही चांगली गोष्ट आहे. आधीच घरात बाळ येणार म्हणून त्याचे लाड कमी होणार. त्यात ‘बाळासाठी तुझी पाल घालवली’ असे त्याच्या मनात बसले, तर राग बाळावर निघतो. म्हणून चोरून पाल देऊन टाकू नये. ‘मेली’ किंवा ‘पळाली’ असे खोटे सांगू नये. जंतू म्हणजे काय, बाळाचे पोट किती नाजूक असते, हे त्याला समजावून सांगावे. आठ वर्षांच्या मुलाला हे नीट कळते. लहान मूल नसलेल्या ओळखीच्या घरी पाल ठेवावी आणि त्याला तिथे जाऊन पाहू द्यावे. पाल पंधरा-वीस वर्षे जगते, तेव्हा बाळ पाच वर्षांचे झाल्यावर ती परत आणता येईल.

पालीला बागेत किंवा रस्त्याकडेला मात्र सोडू नये. न्यू जर्सीच्या थंडीत ती मरेल. जिथे हवा उबदार आहे तिथे सोडलेले परदेशी प्राणी स्थानिक प्राण्यांच्या मुळावर येतात.

पाल हलवणे काही काळ शक्यच नसेल तर पुढील पथ्ये कडक पाळावीत. यांनी धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

१. पेटी मुलाच्या खोलीतच असावी. स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि बाळाची खोली येथे ती कधीही आणू नये. पाल घरभर मोकळी सोडू नये.

२. पालीला, पेटीला किंवा तिच्या खाद्याला हात लागल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान वीस सेकंद हात चोळून धुवावेत. आठ वर्षांच्या मुलाचे हात धुताना मोठ्या माणसाने शेजारी उभे राहावे.

३. पालीचा मुका घेऊ नये, तिला चेहऱ्याजवळ नेऊ नये. ती हातात असताना काही खाऊ नये.

४. पेटी, वाट्या, फांद्या स्वयंपाकघरातील मोरीत किंवा बाळाच्या आंघोळीच्या टबात धुऊ नयेत. त्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश ठेवावा. शक्यतो घराबाहेर धुवावे आणि ते पाणी स्वयंपाकाच्या जागेपासून लांब टाकावे.

५. पेटी साफ करण्याचे काम घरातल्या निरोगी मोठ्या माणसाने, म्हणजे येथे मुलाच्या वडिलांनी करावे. गरोदर आई, बाळंतीण आणि आजी-आजोबा यांनी ते करू नये.

६. पालीशी खेळून आल्यावर हात धुवून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावे.

बाळाला सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणी, मध, गुटी काही नको. त्यामुळे बाटली, वाटी-चमचा यांतून जंतू जाण्याचा मोठा मार्ग बंद होतो, आणि आईच्या दुधातून बाळाला प्रतिकारशक्तीही मिळते.

जुलाब लागले तर

मोठ्या मुलाला किंवा माणसाला जुलाब लागल्यास पहिले औषध जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. जेवण बंद करू नये. साध्या आजारात प्रतिजैविकांची गरज नसते. जुलाब एकदम थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नयेत.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाईट किंवा अधिक ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नये. त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे. कोणत्याही वयात शौचातून रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणे, बाळ अंगावर पिईनासे होणे, ग्लानी, मानेचा ताठरपणा किंवा झटके ही लक्षणे दिसली तरी तेच. पासष्टीच्या पुढच्या किंवा मधुमेही माणसाला जुलाबांसोबत ताप आला तरी लवकर दाखवावे.

आणि डॉक्टरांना न विचारता सांगावे, ‘आमच्या घरात पाल पाळलेली आहे.’ जुलाबाच्या रुग्णाला डॉक्टर बाहेरचे खाणे आणि पिण्याचे पाणी याबद्दल विचारतात. पेटीतल्या पालीबद्दल विचारायचे त्यांना सुचेलच असे नाही. हे एक वाक्य सांगितल्याने शौचाची व रक्ताची योग्य तपासणी लवकर होते.

आपल्याकडे कोणाला हौस वाटली तर

आपल्या ईशान्य भारतात ‘टोके’ नावाची मोठी पाल आढळते. हीसुद्धा बरीचशी झाडांवर राहणारी, निळसर राखाडी अंगावर केशरी ठिपके असलेली. हिच्या नावावर भलताच व्यापार चालतो. हिच्यापासून एड्सवर औषध होते, एकेक पाल लाखो रुपयांना जाते, अशा अफवा पसरवून लोकांना फसवले जाते. या पालीने एड्स बरा होतो याला काहीही आधार नाही. फिलिपाईन्स सरकारच्या आरोग्य खात्याने २०११ मध्येच लोकांना तसा इशारा दिला होता. एच.आय.व्ही.ची औषधे आपल्याकडे सरकारी ए.आर.टी. केंद्रांत मोफत मिळतात. ती सोडून पालीच्या मागे लागणारा रुग्ण जीव गमावून बसेल. शिवाय टोके ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. तिला पकडणे, बाळगणे किंवा विकणे गुन्हा आहे.

परदेशी जातींबाबतही मोकळे रान नाही. वन्यप्राण्यांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात ज्या जातींची नावे आहेत, त्या बाळगणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांनुसार वनखात्याकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न जाता कागदपत्रे पाहावीत. आणि घरात पाच वर्षांखालील मूल, म्हातारे माणूस किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल तर कागदपत्रे चोख असली तरी हा प्राणी आणू नये.

राहता राहिली आपल्या भिंतीवरची पाल. तिच्या आतड्यातही हे जंतू असू शकतात, पण तिला कोणी हातावर घेत नाही, हाच मोठा बचाव आहे. तिला मारत बसण्याचे कारण नाही. ती डास-किडे खाते. दूध, भाजी, पिण्याचे पाणी झाकून ठेवावे, ओट्यावरची लेंडी ओल्या फडक्याने पुसून जागा साबणाने धुवावी, आणि स्वयंपाकापूर्वी व बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत. न्यू जर्सीच्या घरासाठी सांगितलेले हे शेवटचे पथ्य आपल्या घरातही रोज पाळण्यासारखे आहे.